मुलांस वाचावयास व लिहावयास घरीं कसें शिकवावें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवी समारंभांत पालकांशीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाहीं. ख्रिस्तमंदिर, दवाखाना, वसतिगृह यांच्या इतिहासाविषयीं बोलणारे मजहून अधिकारी वक्ते येथें बसलेले आहेत. माझें आयुष्य पहिलीच्या वर्गांत गेलें. म्हणून मुलाच्या हातांत प्रथम पाटी येते त्या वेळीं, आणि त्याच्याही आधीं दोनचार वर्षें, घरांत काय घडतें व काय घडावें, एवढेंच मी सांगणार आहें.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यांतील पालक नेहमीं एक तक्रार सांगतात. "गुरुजी, पोराची वही भरली आहे, अक्षर मोत्यासारखें आहे, पण वाच म्हटलें तर तोंड उघडत नाहीं." ही तक्रार खरी आहे. फळ्यावरचें वाक्य तें मूल काना-मात्रेसह जसेंच्या तसें उतरून घेतें. मग त्यांतील एका शब्दावर बोट ठेवून "हें काय?" असें विचारलें, तर तें आपल्याकडे पाहतें, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या पायांकडे. त्यानें लिहिलेलें नसतें. त्यानें चित्र काढलेलें असतें. ही गोष्ट केवळ आपल्याच जंगलांतील आहे असें मात्र समजूं नका. 'असर' या नांवाची एक पाहणी इ. स. २००५ पासून देशांतील खेड्यापाड्यांत होत आली आहे. तिच्यांत घरोघरीं जाऊन मुलास दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीची लहानशी गोष्ट वाचावयास देतात. इ. स. २०२४ च्या पाहणींत पांचवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारे ४९ मुलांनाच ती वाचतां आली. पांच वर्षें शाळेची पायरी झिजवून निम्म्या मुलांच्या पदरीं दुसरीची गोष्टही पडत नाहीं, हें ऐकून कोणाही बापाचें काळीज हलावें.

याचें कारण विचारलें म्हणजे कोणी म्हणतो मूल मंद आहे, कोणी म्हणतो आईबाप अडाणी आहेत, कोणी म्हणतो मास्तर वेळेवर येत नाहीं. शेवटचें कारण कांहीं ठिकाणीं खरें असेल. पण त्याचा विचार ग्रामसभेंत करावा, येथें नको. पहिलें कारण मात्र बहुधा खोटें असतें. जें मूल पाऊलवाटेवरचा माग पाहून कोणतें जनावर गेलें तें सांगतें, दहा प्रकारच्या पानांतून भाजीचें पान नेमकें खुडतें, त्यास बाराखडींतील खुणा ओळखतां येऊं नयेत इतकें तें मंद कसें असेल?

मग अडतें कोठें? वाचन म्हणजे काय तें क्षणभर पाहूं. कागदावर एक खूण असते. त्या खुणेस एक ध्वनि असतो. दोनचार ध्वनि एकत्र आले म्हणजे शब्द होतो. येथपर्यंत कष्टानें कां होईना, पुष्कळ मुलें पोंचतात. पण शब्द जुळल्याबरोबर मुलाच्या मनांत दिवा लागला पाहिजे कीं, अरे, हा तर माझाच शब्द! तो शब्द त्याच्या कानांत आधींपासून नांदत असेल तरच हा दिवा लागतो. जो शब्द मुलानें कधीं ऐकला नाहीं, जी वस्तु कधीं पाहिली नाहीं, ती त्यानें अक्षरें जुळवून वाचली तरी त्यास काय मिळालें? तें दोनदां, चारदां निराश होतें आणि मग वाचणें ही एक निरर्थक शिक्षा आहे असें मनाशीं ठरवून टाकतें. चित्र काढणें त्यापेक्षां सोपें. त्यास शाबासकीही मिळते.

आतां आपल्याच सभेकडे पहा. इ. स. २०११ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार भरली. तींत शेंकडा ३८ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलतात, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू. चामोर्शी व मुलचेऱ्याच्या आसपास पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांच्या घरीं बंगाली. गोंडी ही कांहीं मराठीची पोटबोली नव्हे. ती तेलुगू-तामिळांच्या द्राविडी कुळांतली. त्याच शिरगणतींत देशभर सुमारे तीस लाख लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून लिहविली. अशा घरांतील मूल पहिल्या दिवशीं शाळेंत जातें आणि त्यास अंकलिपींत 'अ अननसाचा' व 'ए एडक्याचा' दाखवितात. अननस त्यानें जन्मांत पाहिलेला नसतो. एडका पाहिला असेल, पण त्याचें हें नांव ऐकलेलें नसतें. वास्तविक 'ए' हें अक्षर त्याच्या घरीं रोज आहे. गोंडींत पाण्यास 'एर' म्हणतात. कोठें कोठें 'येर' असाही उच्चार आहे. तहान लागली कीं तें मूल 'ए' चाच उच्चार करतें! आणि 'अ' साठीं अननस हवाच कशाला? अहेरीची एस्. टी. गाडी रोज फाट्यावरून जाते, तिच्या कपाळावर 'अ' लिहिलेला असतो.

ज्यांच्या घरीं मराठीच बोलतात त्यांनीं आपण सुटलों असें मानूं नये. वडसा, आरमोरीच्या भागांतील मूल झाडीबोली ऐकत वाढतें. तें 'पाणी' म्हणत नाहीं, 'पानी' म्हणतें, आणि पहिल्या श्रुतलेखनांत 'पानी' असेंच लिहितें. त्यावर तांबडी रेघ येते. मला विचाराल तर त्या 'पानी' शब्दास मी पुरे गुण देईन. कारण त्या मुलानें फळ्यावरून चित्र उतरविलेलें नाहीं. स्वतःच्या तोंडांतील ध्वनि ऐकून त्यास अक्षर शोधलें आहे. लिहिणें म्हणतात तें हेंच. आपल्या तोंडचें 'पानी' पुस्तकांत 'पाणी' असें लिहितात, हें त्यास महिन्यानें सांगितलें तरी चालेल. पहिल्याच दिवशीं 'चूक' म्हटलें, तर आपण बोलतों तेंच चूक असें तें समजतें, आणि मग बोलणेंच बंद करतें.

येथें मी माझ्या विषयाच्या गाभ्याशीं आलों. गेल्या कांहीं वर्षांत मी एक गोष्ट वाढत चाललेली पाहतों व तिची मला भीति वाटते. आईबाप आपसांत माडिया किंवा गोंडी बोलतात. पण मूल जवळ आलें कीं गप्प होतात, अथवा मोडक्या मराठींत "जेव, बस, जा, अभ्यास कर" एवढेंच बोलतात. हेतु चांगला असतो. मुलास शाळेची भाषा लवकर यावी, लोकांनीं त्यास हंसूं नये, असें त्यांस वाटतें. पण परिणाम उलट होतो. आजीची गोष्ट जाते, शिकारीची हकीकत जाते, पेरणीच्या वेळचें गाणें जातें, भांडणसुद्धां जातें! आणि त्यांच्या जागीं येतात पांचपंचवीस हुकूम. अशा मुलाजवळ मराठीही नसते व माडियाही नसते. त्याच्या कानांत शब्दांचा साठाच नसेल, तर शाळेंतील अक्षरांनीं जाऊन टेकावें कोठें? उलट ज्या घरांत रात्रीं शेकोटीभोवतीं पुऱ्या माडियांत तासभर गप्पा चालतात, त्या घरचें मूल, "मग काय झालें?" "कां झालें?" "तो तेथें कशाला गेला?" असें विचारावयास शिकतें. पुढें पुस्तकांतला धडा समजण्यास हेच प्रश्न लागतात, मग तो धडा कोणत्याही भाषेंत असो.

कोणी म्हणेल, "हें सर्व ठीक, पण परीक्षा मराठींत, आणि नोकरी इंग्रजीवर. घरची बोली धरून काय करावयाचें?" या प्रश्नाचें उत्तर आपल्या समोरच बसलें आहे. आपल्या धर्मप्रांतांत सेवेस आलेल्या कित्येक धर्मभगिनी केरळांतल्या. त्यांची मायबोली मलयाळम्. त्यांनीं लहानपणीं आपल्या भाषेंत वाचन शिकून घेतलें. म्हणून येथें आल्यावर नवी लिपी व नवी भाषा त्यांस लवकर अवगत झाली. खूण, ध्वनि व अर्थ यांची सांगड कशी घालतात, ही विद्या मनुष्य एकदांच शिकतो. नंतर दुसरी भाषा म्हणजे त्याच गाडीला दुसरे बैल जुंपणें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले, ते इ. स. १५७९ त गोव्यास आले आणि त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ त छापून निघालें, तें रोमन अक्षरांत! लोकांना कळेल तें लोकांच्याच बोलींत सांगावें लागतें, लिपीची अडचण मागाहून पाहतां येते, हें त्यांस चारशें वर्षांपूर्वीं उमगलें होतें.

कायदाही या बाजूचाच आहे. घटनेचें ३५० अ हें कलम इ. स. १९५६ त घातलें गेलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें तें सांगतें. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी असें म्हटलें आहे, आणि इ. स. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें तेंच पुन्हां सांगितलें. कागदावर उणें नाहीं. पण आपल्याच धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें इ. स. २०१९ त 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' या नांवानें गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हां काय झालें? गांवानें ती आपल्या बळावर चालविली. तेथें गोंडींतून शिकवीत. इ. स. २०२२ त शिक्षणखात्यानें ती विनापरवाना ठरवून बंद करण्याची नोटीस दिली, आणि प्रकरण न्यायालयाच्या दारीं गेलें. मान्यता, इमारत, शिक्षकांची पात्रता यांचे नियम असावेत हें मला मान्य आहे. परंतु ज्या भाषेंत शिकवावें असें कायदा म्हणतो त्या भाषेंत सरकारनें स्वतः शाळा काढली नाहीं, आणि गांवानें काढली तेव्हां हातीं नोटीस आली, ही गोष्ट मनास लागते. असो. शाळेस नोटीस देतां येते. आईच्या बोलण्यास देतां येत नाहीं. म्हणून मी आज शाळेविषयीं कमी व घराविषयीं अधिक बोलत आहें.

ही वाट कांहीं नवी नाहीं. ठाणे जिल्ह्यांत ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ त बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांस तेथेंच येऊन मिळाल्या, व इ. स. १९५७ त तें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत, गुरें राखावयास जातात, असें दिसल्यावर त्या बायांनीं मुलांस दोष दिला नाहीं. शाळाच गुरांमागें कुरणांत नेली आणि तिचें नांव 'कुरणशाळा' ठेविलें. विकत आणलेलीं महागडीं साधनें परवडत नव्हतीं, तेव्हां बिया, शिंपले, पानें, खडे हींच साधनें झालीं. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी दप्तरांत रुळला आहे. पण अंगणांत जाऊन बालवाडी भरवावी ही कल्पना ताराबाईंची.

आतां घरीं प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. यांतील बरेंचसें निरक्षर आईसही करतां येतें, हें आधींच सांगून ठेवतों, कारण "आम्हांला येत नाहीं तर आम्ही काय शिकविणार?" असें म्हणून पुष्कळ आया बाजूला होतात.

आरंभ कानापासून करावा, डोळ्यांपासून नव्हे. मूल तीनचार वर्षांचें झालें कीं टाळ्यांचा खेळ खेळावा. शब्द तोडून बोलावा व प्रत्येक तुकड्यास एक टाळी द्यावी. 'मामा' ला दोन टाळ्या. आपल्या जिल्ह्याचें नांव घ्या : गड-चि-रो-ली. टाळ्या चार पडतात. पण लिहावयास बसलें तर अक्षरें पांच. 'ड' लिहितांना पुरा, बोलतांना अर्धा! मोठ्या माणसांच्याही हें ध्यानांत नसतें. मुलाच्या ध्यानांत येतें, आणि त्यास त्याची गंमत वाटते. मग "आपल्या घरांत 'क' नें सुरू होणारें काय काय आहे?" असें विचारावें. कोंबडी, कुऱ्हाड, कांदा. ज्याची त्यानें आपल्या बोलींत नांवें घ्यावीं. हा खेळ धान कांडतांना, मोह वेचतांना, बाजारास चालत जातांना होतो. यास कागद लागत नाहीं, दिवा लागत नाहीं. ज्या मुलास शब्दांतील तुकडे कानानें वेगळे करतां येतात, त्यास अक्षर शिकणें निम्म्यानें सोपें जातें असा माझा अनुभव आहे.

मग बोटें. चार वर्षांच्या मुलाच्या हातीं बारीक पेन्सिल देऊन चौकटींत अक्षरें गिरवावयास लावणें हा मी निव्वळ जुलूम समजतों. त्याच्या बोटांत अजून बळ आलेलें नसतें. तें बळ यावयाचें कसें? मोहफूल अंगठा व बोट यांनीं उचलून टोपलींत टाकणें, पळसाच्या पानांना काडी टोंचून पत्रावळ लावणें, तांदुळांतील खडे निवडणें, मातीचे बैल करणें, यांनीं येतें. हीं आपल्याकडे रोजचीं कामें आहेत. शहरांतील बालवाड्यांना त्यांसाठीं पैसे मोजून साहित्य आणावें लागतें.

अक्षर गिरविण्याची वेळ आली कीं आपल्या पूर्वजांची धुळपाटी काढावी. जुन्या पंतोजींच्या शाळेंत लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरून काडीनें वा बोटानें अक्षर काढीत. त्यावरूनच 'धुळाक्षरें' हा शब्द आला. पुढें पाटी आली, मग वही आली, आणि ही उत्तम वस्तु आपण टाकून दिली. तिचा मोठा गुण हा कीं चुकलें तर हात फिरविला कीं पुसलें जातें. तांबडी रेघ राहत नाहीं. दुसरा गुण असा कीं अक्षराचें वळण बोटाच्या कातडीस कळतें. मॅडम मॉन्टेसरी यांनीं इ. स. १९०७ त रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत बालगृह काढलें. तेथें त्या सुतारांच्या खरखरीत काचकागदाचीं अक्षरें कापून मुलांच्या बोटांखालीं देत आणि त्याच वेळीं त्यांचा उच्चार करीत. कांहीं महिन्यांनीं चारपांच वर्षांचीं मुलें एकाएकीं आपण होऊन लिहूं लागलीं, वाचूं लागण्याच्याही आधीं! या बाई कॅथलिक होत्या, व्यवसायानें डॉक्टर, इ. स. १९३९ त त्या हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें कांहीं वर्षें येथेंच राहिल्या. त्यांची पद्धत आज श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली आहे, ही काळाची थट्टा. आपल्या अंगणांत पाण्यानें सारवून वर राख भुरभुरवा, कीं तीच पद्धत तयार झाली.

अक्षरें कोणत्या क्रमानें द्यावीं? अ पासून ज्ञ पर्यंत सर्व वर्णमाला, मग प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, आणि मग शब्द, हा आपला जुना क्रम. चौंतीस व्यंजनांच्या बाराखड्या म्हणजे चारशेंहून अधिक अक्षररूपें झालीं. तीं सर्व पाठ होईपर्यंत मुलाने अर्थाचें तोंडही पाहूं नये, असा या क्रमाचा अर्थ होतो. डोंगर चढून गेल्याशिवाय पाणी मिळणार नाहीं असें सांगितलें, तर पुष्कळ जण पायथ्याशींच बसतील. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेंत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनीं दुसरी वाट घालून दिली. या बाई जन्मानें अमेरिकन, पण फलटण हेंच त्यांचें घर झालें. थोडीं अक्षरें घ्यावीं आणि त्यांचे लगेच शब्द करावे, ही ती वाट. पहा, प, न, क, र एवढीं चार व्यंजनें आणि एक काना : पान, कान, नाक, पार, काका, पाक, राक्षसाचा 'रा' सुद्धां! चार दिवसांत मुलास सातआठ शब्द वाचतां येतात. याच चार अक्षरांतून गोंडीचा 'नार' शब्दही निघतो. नार म्हणजे गांव. मराठी पानावर आपल्या घरचा शब्द उमटलेला पाहून गोंडी मुलाचा चेहरा कसा होतो तें एकदां पहावें.

एक अडचण सांगून ठेवतों. पहिल्या वेलांटीपाशीं पुष्कळ मुलें अडखळतात. 'कि' लिहितांना वेलांटी 'क' च्या आधीं काढावी लागते, पण उच्चार मागाहून होतो. लिपीचाच हा चमत्कार आहे. त्यांत मुलाचा अपराध नाहीं. दोन महिने त्यानें वेलांटी चुकीच्या बाजूस काढली तरी हातावर छडी मारूं नये.

आपल्या घरीं पुस्तकें नाहींत असें तुम्ही म्हणाल. एक पुस्तक बहुतेक घरीं आहे, तें म्हणजे प्रार्थनापुस्तक. त्याचा उपयोग होतो, आणि त्याची फसवणूकही होते. रोज संध्याकाळीं म्हटल्यामुळें प्रभूची प्रार्थना मुलास तोंडपाठ असते. पुस्तक समोर धरून तें धडाधड म्हणतें, आणि बाप कौतुकानें सांगतो, "आमचा मुलगा वाचतो." तेथें मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारावें, "हा कोणता?" उत्तर आलें नाहीं तर तें पाठांतर आहे, वाचन नव्हे. पण त्यामुळें निराश होऊं नये. पाठ असलेलें हें वाङ्मय म्हणजे वाचनाची उत्तम शिडी आहे, कारण पुढें काय येणार तें मुलास ठाऊक असतें. अगदीं सावकाश, प्रत्येक शब्दाखालीं बोट सरकवीत तीच प्रार्थना म्हणावी. बोट व जीभ एकत्र चालूं लागलीं कीं पंधरवड्यांत मूल आपण होऊन शब्द ओळखूं लागतें. माडियांत किंवा गोंडींत म्हटली जाणारी गाणीं देवनागरींत उतरवून घेतलीं तर तींही याच कामीं येतील. गोंडीची स्वतःची लिपीही आहे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं इ. स. १९१८ त एक लिपी तयार केली. पण मुलाचें पहिलें पाऊल शाळेच्या लिपींत पडलें तर त्याचा मार्ग सोपा होतो, असें माझें मत आहे. येथें कोणाचें मत निराळें असेल तर मी वाद घालणार नाहीं.

याहून मोठा उपाय म्हणजे मुलाचेच शब्द लिहून घेणें. संध्याकाळीं मूल कांहीं तरी सांगत असतें : "आज बोडींत मासा धरला, तो निसटला, बाबा पडला." घरांतल्या शिकलेल्या भावानें किंवा बहिणीनें तें जसेंच्या तसें, त्याच्याच बोलींत, मोठ्या अक्षरांत कागदावर उतरावें आणि त्याच्याकडून वाचून घ्यावें. असल्या कागदांतला एकही शब्द त्यास परका नसतो. दहा कागद झाले कीं दोऱ्यानें शिवून टाकावे. घरांत पुस्तक झालें. आठवींतील बहीण हें काम मास्तरापेक्षां चांगलें करते, कारण ती रागावली तरी मूल तिला भीत नाहीं. ज्या आईस लिहितां येत नाहीं, तिनें शेजारीं बसून तें वाचलेलें ऐकावें आणि "पुन्हां वाच, बाबा कसा पडला?" असें विचारावें. ऐकणारें कोणी आहे म्हणून मूल वाचतें. फादर हेन्री डोरिंग यांनीं इ. स. १९०३ त 'निरोप्या' मासिक काढलें, तें मराठी ख्रिस्तजनांस वाचावयास आपलें कांहीं असावें म्हणूनच. घरीं वाचावयास कांहीं नसेल तर वाचावयास शिकावें कशाला, असें मुलानें विचारलें तर त्याचें काय चुकलें?

किती वेळ बसावें? पंधरा मिनिटें पुरेत, पण रोज. मार्च-एप्रिलांत मोहफुलें आणि पुढें तेंदूपानें आलीं म्हणजे सर्व कुटुंब जंगलांत असतें, पोट त्यावर आहे; त्या दिवसांत मूल शाळेंत दिसलें नाहीं म्हणून त्याच्या आईबापांना नांवें ठेवणारांपैकीं मी नाहीं. तेव्हां टाळ्यांचा खेळ चालू ठेवावा, म्हणजे सूत्र तुटत नाहीं. आश्रमशाळेंत राहणारें मूल सुटींत घरीं आलें तर त्यास पाठ म्हणावयास लावूं नये. तें महिनोन्महिने आपल्या भाषेस भुकेलेलें असतें. त्याच्याशीं भरपूर बोलावें.

शेवटीं एक सूचना, जिच्याकडे फार दुर्लक्ष होतें. जें मूल सर्व उपाय करूनही मागें राहतें, त्याचे कान व डोळे आधीं पहावे. सर्दी झाली कीं ज्याच्या कानांतून पू वाहतो, त्यास 'त' आणि 'थ' यांतला भेद ऐकूंच येत नाहीं. त्यास मंद म्हणणें अन्याय आहे. जें मूल पाटी नाकाशीं नेतें किंवा फळ्याकडे पाहतांना डोळे बारीक करतें, त्यास चष्मा लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम इ. स. २०१३ पासून सुरू आहे. त्याचें वैद्यकीय पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां यावें असा नियम आहे, आणि तपासणीस पैसे पडत नाहींत. पथक केव्हां येणार हें अंगणवाडीताईंस आधीं विचारून ठेवा, आणि त्या दिवशीं मुलास मोह वेचावयास नेऊं नका. मागें बसणारें, हांक मारली तरी वळून न पाहणारें जें मूल असेल त्यास पहिल्या रांगेंत उभें करा, आणि त्याला काय होतें तें आईनें स्वतः डॉक्टरांना सांगावें, आपल्या बोलींत सांगितलें तरी चालेल, सोबत दुभाषा न्यावा.